जिन्याखालचं बटण

गुरुनाथबद्दल चांगलं बोलणारी माणसं इथे आयर्लंडमध्ये, आमच्या पोर्टलीशमध्ये, पुष्कळ भेटतील. कोणाचा डिशवॉशर तुंबला, कोणाचा रेडिएटर गार पडला, कोणाच्या बाळाचा पाळणा खोक्यातून सुटासुटा निघाला, की पहिला फोन त्याला. जुन्या क्रिकेटच्या बॅगेत हत्यारं घालून तो येतो, काम करतो, ‘ग्रँड!’ म्हणतो आणि जातो. चहासुद्धा घेत नाही. त्या सगळ्यांनी त्याच्याबद्दल खुशाल चांगलं बोलावं. मी त्याची शेजारीण आहे. आमचं जोडघर आहे, दोघांत एक भिंत आणि वर एक धुराडं, आणि त्याच्याबद्दल मला जे माहीत आहे ते मी लिहिणार आहे.

तो चहा घेत नाही, कारण तो गोष्ट घेतो. तुमच्याकडे काय बिघडलं होतं, ते दुरुस्त करायला तुम्ही काय काय वेडेपणा केला होता, त्याला दारात बघून तुमचा चेहरा कसा झाला, हे सगळं तो बॅगेतून घरी नेतो. मग गणपतीला, कोजागिरीला, नाहीतर कोणाच्या बारशाला जेवणं झाली की उभा राहून सादर करतो. नक्कल तो अप्रतिम करतो, हे मी मान्य करते. डोंबिवलीला कॉलेजात नाटकं करायचा. इथे कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या कारखान्यात डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या झग्यात गुंडाळून काम करतो, दिवसभर त्याचा चेहरा कोणाला दिसत नाही. त्याचा वचपा तो सुट्टीच्या दिवशी आमच्यावर काढतो.

इतरांच्या नकलांना मीही हसले आहे. पण मग माझी पाळी आली.

मला संध्याकाळी सहाच्या बातम्या लागतात. गॉलवेला शिकायला आले तेव्हा माझी घरमालकीण सहाला टीव्ही लावायची. आधी टीव्हीवर प्रार्थनेच्या घंटेचे टोल पडायचे, ती छातीवर क्रूसाची खूण करायची, आणि मग बातम्या. इथलं इंग्रजी मी त्या बातम्यांवर शिकले. आज मी औषधांच्या कारखान्यात गुणवत्तेच्या लॅबची प्रमुख आहे. माझी सही झाली नाही तर औषधाचा एक डबा गेटाबाहेर जात नाही. पण सहा वाजले की मला अजूनही टीव्हीसमोर बसायचं असतं, फोनवर नाही.

वसंतात आमच्या टीव्हीचं चित्र फुटायला लागलं. निवेदिकेचा अर्धा चेहरा इकडे, अर्धा तिकडे, आणि मग काळ्या पडद्यावर ‘सिग्नल नाही’. माझ्या लक्षात आलं की भिंतीवरच्या अँटेनाच्या सॉकेटपाशी वायर जरा खाली ओढून धरली की चित्र स्थिर होतं. मग मी धरून बसायला लागले. जमिनीवर, भिंतीला टेकून, हातात वायर. तिथून मला पडदा नीट दिसायचा नाही, म्हणून मी माझ्या लेकीला, स्वरांगीला, विचारायचे, ‘आलं का?’ ती सोफ्यावरून सांगायची, ‘येस मॅम.’ इथली मुलं आईला मॅम म्हणतात. थोडे दिवस असे गेले, आणि मग तिनेच कंटाळून गुरुनाथला फोन केला.

तो आला, सॉकेटची पट्टी उघडली, आत काहीतरी आवळलं, पट्टी बसवली. ‘ग्रँड!’ आणि जाता जाता अगदी प्रेमाने विचारलं, ‘किती दिवस बसत होतीस गं अशी, अलकनंदा?’ मी मूर्खासारखं सगळं सांगितलं. कशी बसत होते तेही करून दाखवलं.

गुढीपाडव्याला कम्युनिटी हॉलमध्ये पुरणपोळ्या झाल्यावर तो उभा राहिला. जमिनीवर बसला, पदर सावरल्यासारखं केलं. मी साडी नेसून बातम्या बघत नाही, पण ते असो. शेळीची दोरी धरावी तशी हवेतली वायर धरली. मान वाकडी करून माझ्या आवाजात, माझ्या बार्शीच्या हेलात विचारलं, ‘आलं का? गेलं का? मी लॅबची प्रमुख हाय, मी सोडणार न्हाई!’ हॉलभर हशा फुटला. माझा नवरा सारंग डोळे पुसत होता. स्वरांगी फोनवर चित्रण करत होती. आणि मागच्या रांगेत माझ्या लॅबमध्ये नुकत्याच लागलेल्या दोन मराठी मुली एकमेकींच्या खांद्यावर पडून हसत होत्या.

सोमवारी लॅबमध्ये मशीन सुरू होत होतं. त्यातली एक दुसरीला हळूच म्हणाली, ‘आलं का?’ मी वळले तर दोघी खाली बघत होत्या. त्या आठवड्यात मी एकीचा अहवाल परत पाठवला. अहवाल चुकीचाच होता. पण ती ज्या नजरेने माझ्याकडे बघत होती, त्यात मी तिची साहेब नव्हते, वायर धरून बसलेली बाई होते.

सारंगला सांगितलं तर म्हणाला, ‘मनावर घेऊ नकोस, गुरू सगळ्यांचीच करतो.’ स्वरांगी म्हणाली, ‘इट्स ओन्ली अ बिट ऑफ क्रॅक, मॅम.’ क्रॅक म्हणजे इथे गंमत. दोघांशी मी आठवडाभर धड बोलले नाही. आणि ठरवलं की एक दिवस, चार माणसांत, ह्या माणसाच्या तोंडून मी वदवून घेईन: मला नाही जमत. त्याची माफी मला नको होती. माफीचीसुद्धा त्याने गोष्ट केली असती. मला ती तीनच शब्दांची नामुष्की हवी होती, आणि ती बघायला त्या दोन मुली तिथे हव्या होत्या.

मे महिन्यात चित्र पुन्हा फुटायला लागलं. गुरुनाथला बोलावणं आता शक्य नव्हतं. मी स्वतःच स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसले. पट्टीचे दोन स्क्रू काढले, ती हलकेच पुढे ओढली. मागून जाड पांढरी वायर येत होती. तिच्या आत मध्यभागी तांब्याची एक तार असते, भोवती पांढरं रबर आणि त्यावर बारीक तारांची जाळी. जाळीचा मधल्या तारेला स्पर्श होता कामा नये, एवढंच त्यातलं शास्त्र. इथे जाळीची एक केसाएवढी तार वाकून मधल्या तारेला टेकली होती. गुरूने नुसता स्क्रू आवळला होता, आत बघितलंच नव्हतं. मी वायरचं टोक कापलं, नव्याने सोललं, जाळी मागे दुमडून पकडीखाली घेतली, मधली तार तिच्या जागी सरळ बसवली. पट्टी लावली. चित्र आलं ते आरशासारखं.

मला किती आनंद झाला म्हणून सांगू! आणि सांगायला कोणी नव्हतं. सारंग म्हणाला, ‘अरे वा,’ आणि कुकर लावायला गेला.

जूनच्या लांब सुट्टीला आम्ही कॉनेमाराला तंबू टाकायला गेलो. सारंग नाशिकचा. गावाला जाताना घरातलं एकूण एक बटण बंद केल्याशिवाय तो कुलूप लावत नाही. फ्रिज तेवढा वाचतो. ह्या वेळी तंबू जिन्याखालच्या कपाटात होता. इथे कपाटाला प्रेस म्हणतात, आता आम्हीही म्हणतो. त्याने तंबू ओढून काढला, मागे एक पांढरी डबी आणि तिचा हिरवा दिवा दिसला, आणि अर्थातच त्याने तिचंही बटण बंद केलं. ती डबी घर घेतलं तेव्हापासून तिथे होती. चोरांच्या अलार्मची असेल अशी आमची समजूत होती.

परत आलो तर टीव्ही गेलेला. मी पुन्हा सॉकेट उघडलं. माझं काम जसंच्या तसं होतं, कुठे काही टेकलं नव्हतं. मग आम्ही गेल्यापासून घरात काय बदललं ह्याचा विचार केला, कारण लॅबमध्ये मी तेच करते. प्रेस उघडलं, डबीचं बटण लावलं आणि बाहेर येऊन बघते तर चित्र हजर.

दुसऱ्या दिवशी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होते. कुंपणापलीकडून संध्या, म्हणजे गुरुनाथची बायको, म्हणाली, ‘अगं, तुम्ही गेल्यापासून आमचा टीव्ही मेला होता. गुरू पावसात धुराड्यापर्यंत चढून आला. काही होईना. आणि काल संध्याकाळी आला बाई एकदम! म्हणतो, बघ, माझ्या हातात जादू आहे.’

माझ्या हातातला चिमटा खाली पडला. धुराडं दोघांचं होतं, तसा त्यावरचा अँटेनाही दोघांचा होता. सिग्नल जोरात करायचं यंत्र वर खांबावर होतं, त्याला वीज मिळत होती माझ्या जिन्याखालून, आणि जादू ह्या माणसाच्या हातात होती!

मी संध्याला म्हटलं, ‘हो का? बरं झालं बाई.’

आता गुरुनाथचं एक वेड सांगायला हवं. त्याला हर्लिंग आवडतं, ते लाकडी काठ्या घेऊन खेळतात ते. उन्हाळ्यात रविवारी सामना असला की त्याच्याकडे दहा-बारा माणसं जमतात, आपली आणि त्याच्या कारखान्यातली आयरिश. सामना अँटेनावरच बघायचा असा त्याचा दंडक आहे. इंटरनेटवर तो अर्धा मिनिट मागे असतो, सगळी गल्ली गोल म्हणून ओरडते आणि मग आपल्याला गोल दिसतो. एकदा तसं झालं तेव्हा तो दिवसभर जेवला नव्हता.

पुढच्या रविवारी दुपारी मी प्रेसचं दार उघडून खुर्ची टाकून बसले. भिंतीपलीकडून आरडाओरडा ऐकू येत होता. तो वाढत गेला, वाढत गेला, आता काहीतरी होणार असं वाटलं, तेव्हा मी बटण दाबलं. काय शांतता पसरली! मग एक मोठा ‘अरे!’ झाला, खुर्च्या सरकल्या, कोणीतरी आयरिश शिवी दिली. मग गुरुनाथचा आवाज: ‘थांबा, थांबा, मी बघतो.’ सामना संपल्यावर मी बटण लावलं आणि स्वतःसाठी आल्याचा चहा केला. इतका चांगला चहा मला बऱ्याच दिवसांत लागला नव्हता.

मग मी थांबलेच नाही. तो सॉकेट बदलून बसला की मी एक दिवस टीव्ही चालू ठेवायची, त्याला ‘ग्रँड!’ म्हणू द्यायची, आणि दुसऱ्या दिवशी घालवायची. त्याने नव्या वायरी आणल्या. माळ्यावर रांगत जाऊन आला, कोपरं सोलली. दोनदा छतावर चढला. आमच्या दारात येऊन विचारायचा, ‘तुमचा चालतोय?’ मी ‘एक मिनिट हं, बघते’ म्हणून आत जायची, जिन्याखाली हात घालायची आणि ओरडून सांगायची, ‘आमचा चालतोय की!’ तो वळला की बटण पुन्हा बंद. माझ्या बातम्या बुडत होत्या, पण त्याचं मला काही वाटत नव्हतं. लोकांत कुजबुज सुरू झाली. त्याला स्वतःचा टीव्ही नीट करता येत नाही म्हणे. एका बाईने नळ गळतो म्हणून प्लंबरला बोलावलं. हे कळलं त्या दिवशी मी शिरा केला. सारंगने विचारलं, आज काय आहे? मी म्हटलं, सहज.

जुलैत अंतिम सामना होता. गुरूने सगळ्यांना बोलावलं, माझ्या लॅबमधल्या त्या दोघी मुलींनाही. मी आकाशकंदिलासाठी आणलेला टायमर काढला, ज्यावर चकती फिरवून वेळ लावतात तो. तो डबीला जोडला. सामना सुरू व्हायच्या जरा आधी वीज जाईल आणि थोड्या वेळाने परत येईल, असा लावला. बेत असा होता की मधल्या वेळात मी पुढे होऊन म्हणायचं, मी बघू का? पर्समध्ये स्क्रू ड्रायव्हर होताच.

ठरल्या वेळी पडदा काळा झाला. खोलीभर हाय हाय झालं. गुरुनाथ टीव्हीपाशी गेला, वायर काढली, घातली, पुन्हा काढली. मग वळला आणि सगळ्यांसमोर, खणखणीत आवाजात म्हणाला, ‘मला नाही जमत. अलकनंदाला येतं हे. अलकनंदा, बघ ना गं.’

मी काही न करता तो बोलला होता! अंगावरून मोरपीस फिरावं तसं झालं मला. त्या दोन मुली माझ्याकडे बघत होत्या. मी उठले, गुडघ्यांवर बसले, पट्टी उघडली. वायर कापली, सोलली, जाळी मागे घेतली, मुलींना दाखवलं की हे असं टेकता कामा नये. सगळं झालं, पट्टी बसली, आणि चित्र येईना. तो स्वस्तातला टायमर मागे पडला होता. मी पुन्हा पट्टी उघडली. मागे गुरुनाथ लोकांना सांगत होता, ‘तिला वेळ द्या, हे काम नाजूक असतं. तोवर वडे गरम आहेत ते घ्या.’ सगळे वड्यांकडे वळले. आणि मग एकदम मैदानाचा आवाज आला, हिरवंगार चित्र आलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. आयरिश लोकांनी माझ्याशी हात मिळवले. एका मुलीने विचारलं, ‘मॅडम, आमच्या फ्लॅटमधलं बघाल का?’

मी जिंकले. नंतर गोकुळाष्टमीला गुरुनाथने कोणाचीच नक्कल केली नाही. लोकांनी आग्रह केला तर म्हणाला, ‘आता पुरे झालं.’ तो कोपऱ्यात बसून काला खात होता. बरं झालं, असं मला वाटलं, आणि अजूनही वाटलं असतं.

पण ऑगस्ट संपता संपता मी आणि संध्या ब्लँचर्डस्टाउनला खरेदीला निघालो होतो. ती गाडी चालवत होती. बोलता बोलता म्हणाली, ‘एक सांगू? ते बटणाचं आता बंद कर गं. गुरू दुसऱ्यांदा छतावर घसरला तेव्हा माझा जीव खालीवर झाला.’

‘कुठलं बटण?’

‘अगं, त्याला पहिल्यापासून माहीत आहे. तुम्ही कॉनेमाराला गेलात आणि तो वर चढला, तेव्हाच ते खांबावरचं यंत्र दिसलं त्याला. आमच्याकडे त्याची वीज नाही म्हणजे तुमच्याकडे असणार.’

‘मग तू त्याच्या हातात जादू आहे म्हणालीस ते?’

‘तो तसंच म्हणाला मला. खरं नंतर सांगितलं, सामना गेला त्या रविवारी. मी तुमच्याकडे भांडायला निघाले होते. त्याने अडवलं. स्वरांगीने त्याला सांगितलं होतं, तुझ्या लॅबमध्ये काय झालं ते. म्हणाला, माझ्याकडून जास्त झालं, करू दे तिला. मी म्हटलं, जाऊन सरळ सॉरी म्हण. तर म्हणे, ते मला जमत नाही.’

ती लेन बदलत होती, माझ्याकडे बघत नव्हती. नंतरचं छतावर चढणं, सोललेली कोपरं, दारात येऊन विचारणं, सगळं नाटक. ‘मला नाही जमत’ हे वाक्य त्याने पाठ करून मला दिलं होतं, आणि वडे वाटून माझा फसलेला टायमर सांभाळून घेतला होता. माझा सूडसुद्धा त्यानेच उरकला. तो मूर्ख असता तर मी त्याला केव्हाच माफ केलं असतं.

शनिवारी दुपारी कुठलाच सामना नव्हता. मी प्रेस उघडलं आणि बटण बंद केलं. त्याने यावं, भांडावं, मला काय वाटेल ते बोलावं, एवढंच मला हवं होतं. थोड्या वेळाने बेल वाजली. दारात गुरुनाथ. गावातल्या प्रत्येकाचा चेहरा चढवू शकणाऱ्या त्या माणसाच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं.

‘टीव्ही गेला बहुतेक,’ तो म्हणाला. ‘बघतेस का जरा?’

मी स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि गेले. त्याने सोफा सरकवला, माझ्याशेजारी जमिनीवर बसला, टॉर्च धरला. मी पट्टी उघडली. आत सगळं स्वच्छ होतं, अंतिम सामन्याच्या दिवशी मीच केलेलं. घरी जाऊन बटण लावल्याशिवाय चित्र येणार नव्हतं, हे मला माहीत होतं आणि त्यालाही. मी त्याच्याकडे बघितलं. इतका राग मला त्याचा कधीच आला नव्हता.

‘दिसतंय ना नीट?’ त्याने टॉर्च जरा जवळ आणला.

‘दिसतंय,’ मी म्हटलं, आणि चांगली वायर सोलायला घेतली.